एकतीस वर्षांचं विरजण

दही लागलं नाही, हे मंगळवारी सकाळी सव्वासहाला कळलं. बॉयलरवाल्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, पातेलं जरा कलतं केलं, तर आतला ऐवज डावीकडून उजवीकडे खळखळत गेला. दही असं खळखळत नाही. त्यांनी बोट बुडवून चाखलं. दूध. काल संध्याकाळी होतं तेच दूध, फक्त जरा दमलेलं.

त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि खाली बसले. कारखान्याच्या बॉयलरवर पस्तीस वर्षं काढलेला माणूस. एकदा व्हॉल्व्ह उडाला तेव्हासुद्धा ते उभेच राहिले होते.

साधं दही असतं तर गोष्ट वेगळी. लग्न होऊन बायको घरात आली, तेव्हा सासूबाईंनी तिच्याबरोबर एक डबा दिला होता. त्यात त्यांच्या घरचं दही होतं. त्यातला एक चमचा दुधात, त्या दुधाचं दही, त्या दह्यातला एक चमचा पुढच्या दुधात, असं करत करत ते एकतीस वर्षं जिवंत राहिलं. मुलगी मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, तीन फ्रिज झाले, दात गेले, दही तेच. घरी कोणीही आलं की बॉयलरवाले पाणी विचारायच्या आधी दही विचारायचे. "चव बघा. इतक्या वर्षांत तसूभर फरक नाही." पाहुणे बघायचे. करतात काय?

साथ यायच्या चार महिने आधी बायकोला हृदयविकाराचा झटका आला. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना जवळ बोलावलं. बॉयलरवाल्यांनी मनाची तयारी केली. अशा वेळी माणसं काहीतरी मोठं बोलतात असं त्यांच्या कानावर होतं. ती म्हणाली, "दुधाला विरजण लावायला विसरू नका." ते घरी आले, दूध तापवलं, कोमट होऊ दिलं. हॉस्पिटलातून फोन वाजला तेव्हा त्यांच्या हातात चमचा होता. त्यांनी आधी तो दुधात घातला, ढवळला आणि मग फोन घेतला.

तर तिनं सांगितलेलं हे शेवटचं काम. आठ महिने त्यांनी ते एक दिवस न चुकता केलं, आणि नवव्या महिन्यात ते दही स्वतःच्या हातानं उकळून मारलं.

याच्या मुळाशी मुलगी होती, म्हणजे तिचे नियम होते. ती अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. साथ सुरू झाल्यापासून दर रविवारी ती फोनवर नियम सांगायची आणि बॉयलरवाले ते जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी फ्लॉवरला साबण लावला. शिजताना कढईला फेस आला.

"बाबा, भाजी वाहत्या पाण्यात धुवायची, नुसत्या. साबण हाताला. हा-ता-ला!"

"आधी नाही का नीट सांगायचं? अर्धा फ्लॉवर खाल्ला मी."

"कसा लागला?"

"स्वच्छ."

मग हळूहळू ते तरबेज झाले. बाजारातून आलं की पिशवी दाराबाहेर, हात वीस सेकंद, कच्च्या मटणाची सुरी वेगळी, पाव चिरायची वेगळी. परवाच्या रविवारी नववा नियम आला: शिळं काही खायचं असेल तर वाफा येईपर्यंत गरम करायचं, वरवर नाही, अगदी मधोमध. हा नियम ऐकून बॉयलरवाले खुर्चीत सरळ बसले. ही भाषा त्यांची होती. कारखान्यातून निवृत्त होताना आणलेला तबकडीवाला थर्मामीटर त्यांनी माळ्यावरून काढला आणि सोमवारी फ्रिज उघडला. आत कालचा भात होता, परवाची भाजी होती आणि वाटीत दही होतं. दही कालचं. कालचं म्हणजे शिळं. विचारात कुठे फट नव्हती. त्यांनी तिन्ही पदार्थ ऐंशी अंशांवर नेले आणि पाच मिनिटं तिथेच धरून ठेवले. दह्याचं पिवळं पाणी एकीकडे झालं आणि पांढरं रबर दुसरीकडे. क्षणभर त्यांना शंका आली. पण तापल्यावर लोखंडसुद्धा रंग बदलतं, असं म्हणून त्यांनी ते थंड केलं, चमचाभर रबर संध्याकाळच्या दुधात सोडलं आणि उरलेलं भाताबरोबर खाल्लं.

मंगळवारी सात वाजता त्यांनी मुलीला फोन लावला.

"काय ग, दह्यात जंतू असतात ना?"

"असतात की. चांगले असतात."

"ते उकळले तर?"

"मरतात. का?"

"काही नाही. माणसानं माहिती ठेवावी."

"बाबा."

"अं?"

"आईचं विरजण ठीक आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

"जपा हं. सगळं सुरू झालं की येते आणि डबाभर घेऊनच जाते. इथलं दही म्हणजे भिंतीला लावायचा चुना."

फोन ठेवला तेव्हा बॉयलरवाल्यांच्या कपाळावर घाम होता. आता दोनच वाटा होत्या. एक, मुलीला खरं सांगायचं. ती त्यांनी विचारात घेतली नाही. दुसरी, ते दही कोणाकडून तरी परत आणायचं. बायकोनं आयुष्यभर इमारतीत दहीच वाटलं होतं. कोणाचं पोट बिघडलं, दे दही. कोणी नवीन राहायला आलं, दे दही. म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या फ्रिजमध्ये ते जिवंत असणार. त्यांनी आठवून आठवून सहा घरं काढली, एक स्टीलचा डबा वीस मिनिटं उकळला, मास्क लावला आणि बेलच्या बटणाला बोट लागायला नको म्हणून हातात लाटणं घेतलं.

पहिलं दार कॅशियरचं. आतून दाराच्या भिंगाला डोळा लागला. बाहेर सकाळी साडेसातला तोंड बांधलेला माणूस, एका हातात लाटणं.

"कोण आहे?"

"मी आहे, वरचा. दही आहे का?"

"आम्हाला नको."

"मी विकत नाहीये हो. मागतोय."

"मग तर मुळीच नको."

बरीच ओळखपाळख झाल्यावर दार चार बोटं उघडलं. "वहिनींचं दही होय? ते केव्हाच सुटलं. आता पाकीटबंद आणतो. तुमचं म्हणजे, राग मानू नका, उघडं दही." दार बंद झालं.

दुसरं दार शिकवणीवाल्या बाईंचं. त्यांच्याकडे गेल्या महिन्यापर्यंत होतं. "फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहिलं. काढलं तेव्हा त्याच्यावर लोकर आली होती. नातू म्हणाला पाळू या." तिसऱ्या घरी कोणी नव्हतं. चौथ्या घरी दार न उघडता दाराखालून बिस्किटाचा पुडा सरकवला गेला. त्यांना वाटलं, म्हातारा उपाशी आहे. पाचवं तळमजल्यावरच्या केशकर्तनवाल्याचं.

"होतं की काका, परवापर्यंत होतं!"

"मग?"

"दुकान बंद. गिऱ्हाईक नाही. म्हटलं, निदान आपल्या डोक्याची तरी सेवा करावी. लावलं." त्यानं टोपी काढली. "बघा, काय चमक आलीय."

बॉयलरवाले आपल्या सासुरवाडीची चमक बघत उभे राहिले. तेवढ्यात जिन्यात शिट्टी वाजली.

इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे शाळेतले निवृत्त पीटीचे मास्तर. मुलांवर चालवायची राहून गेलेली सगळी शिस्त त्यांनी साथ आल्यावर इमारतीवर काढली होती. गळ्यात शिट्टी, काखेत वही, आणि वहीत त्यांनी स्वतः केलेले बावीस नियम.

"बॉयलरसाहेब! किती दारं झाली?"

"पाच."

"पाच! मी घरच्यांनासुद्धा दाराबाहेरून हाक मारतो. कारण काय?"

"दही."

"अत्यावश्यक कारण विचारतोय मी."

"तेच सांगतोय."

सेक्रेटरींनी वहीत लिहिलं: 'पाच घरे. कारण: दही.' आणि शिट्टी वाजवून त्यांना जिना चढवला. "एकही दार आणखी वाजलं तर पंधरा दिवस आत बसवीन. फोन कशाला दिलाय देवानं?"

सहावं घर शिवणवाल्या वहिनींचं. त्या बॉयलरवाल्यांच्या बरोबर डोक्यावर राहायच्या. मशीन चाललं की खाली यांचा दिवा हलायचा. बायकोची आणि त्यांची गट्टी अशी की दोघी बाल्कनीत उभ्या राहिल्या की खालचे लोक खिडक्या लावून घेत. बॉयलरवाल्यांनी फोन लावला.

"आहे की दही," वहिनी म्हणाल्या. "कालच लावलंय."

"आमच्याकडचंच ना? हिचं?"

पलीकडे जरा थांबल्यासारखं झालं, मग खोकला. "हो, तेच ते. पण भाऊजी, माझा रिपोर्ट आलाय सकाळी."

"कसला?"

"कसला म्हणजे? सगळ्या जगाला जो येतोय तो. दाराला पट्टी लावून गेलेत."

"अरे देवा. बरं वाटतंय ना?"

"ताप आहे, खोकला आहे, आणि नाकाला कसलाही वास नाही. तुमची फोडणी जळते तीसुद्धा कळत नाही. तेवढं सुख आहे."

बॉयलरवाल्यांनी कॅलेंडर समोर धरलं. बाहेरून आलेलं सगळं धुवायचं. डबा धुता येईल, दही कसं धुणार? आजारी माणसाच्या हातचं खायचं नाही. आणि काही शंका असली तर चांगलं उकळायचं. उकळलं तर जे आणायचं तेच मरणार. संपूर्ण घरात निर्धोक करता न येणारी एकच वस्तू होती आणि नेमकी तीच त्यांना हवी होती. त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. एका मुलीनं उचलला.

"नमस्कार, काय त्रास होतोय?"

"दही."

"जुलाब होतायत का?"

"नाही हो, मी ठीक आहे. आजारी बाईंच्या घरचं दही आणायचंय. कसं आणू?"

"नका आणू. आणलंच तर उकळून घ्या."

"उकळलं तर मरतं."

"काय मरतं?"

"दही."

"आजोबा, घरात दुसरं कोणी आहे का? त्यांना फोन देता?"

"दुसरं कोणी नाही. म्हणून तर."

मुलीचा आवाज जरा बदलला. ती सावकाश म्हणाली, "बरं. असं करा. डबा बाहेरून साबणानं धुवा, हात धुवा, आणि ते दही तुम्ही खाऊ नका. चालेल?"

"खायचंच नाहीये मला!" बॉयलरवाले हर्षानं ओरडले. युक्ती त्यांना बोलता बोलताच सुचली होती. आज एक चमचा दुधात घालायचा, उद्या त्यातला एक चमचा दुसऱ्या दुधात, बाकीचं ओतून द्यायचं. असं पंधरा दिवस. पंधरा दिवसांत जे वाईट ते मरेल आणि जे सासूबाईंचं ते राहील.

आता आणायचं कसं एवढंच उरलं. वहिनींच्या दाराला पट्टी, जिन्यात शिट्टी. राहिली बाल्कनी.

"दोरीला बांधून खाली सोडा," बॉयलरवाले मान वर करून म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरून मास्क लावलेलं डोकं बाहेर आलं. "शिवणाच्या घरात दोरी कुठली, भाऊजी? इलॅस्टिक आहे. पाचशे मास्कची ऑर्डर घेऊन बसलेय, अख्खं रीळ पडलंय."

"चालेल. बांधा घट्ट."

ज्या माणसानं पस्तीस वर्षं वाफेचा दाब मोजला, त्यानं इलॅस्टिकचा विचार करायला हवा होता. पण त्या घटकेला त्यांच्या डोक्यात दही सोडून काही नव्हतं. वहिनींचा स्टीलचा डबा वरून सुटला, त्यांच्या नाकासमोरून खाली गेला, पहिल्या मजल्यावर कॅशियरच्या बायकोला दिसला, तिनं किंचाळून पडदा ओढला, आणि डबा तिथून उलटा फिरून पुन्हा वर आला.

"वहिनी, धरून ठेवा!"

"मी धरूनच उभी आहे! तो त्याचा त्याचा जातोय!"

बॉयलरवाल्यांनी स्वयंपाकघरातली सांडशी आणली. दुसऱ्या खेपेला डबा हातभर अंतरावरून गेला. तिसऱ्या खेपेला ते कठड्यावरून कमरेपर्यंत वाकले. नेमक्या त्याच वेळी खाली अंगणात सेक्रेटरी आले, मान वर केली, दृश्य बघितलं, मास्क हनुवटीवर ओढला आणि छाती भरून श्वास घेऊन शिट्टी तोंडात धरली.

सांडशी बसली. पक्की बसली. झाकणावर.

डबा झाकणाशिवाय खाली गेला आणि इलॅस्टिक संपलं तिथे उलटा झाला. शिट्टी वाजली, पण ओली वाजली. सेक्रेटरींचं टक्कल, भुवया, मास्क, वही, सगळं एका रंगाचं झालं होतं. मग तळमजल्याच्या खिडकीतून केशकर्तनवाला आदबीनं म्हणाला, "सर, चोळून घ्या आणि वीस मिनिटं राहू द्या. लगेच धुऊ नका."

सेक्रेटरींनी वही पुसली, उघडली आणि नियम अकरा वाचला. तो त्यांनीच केला होता. आजारी व्यक्तीच्या घरातील वस्तूचा स्पर्श झालेल्या रहिवाशाने चौदा दिवस घराबाहेर पडू नये, अपवाद नाही. 'अपवाद नाही' याच्याखाली दोन रेघा होत्या. त्यांनी जिन्यातल्या पायरीवर बसून स्वतःच्या नावाची नोंद केली. कारणाच्या रकान्यापाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला. मग त्यांनी 'दही' लिहिलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, "चौदा दिवस? इथे?" हे मात्र साऱ्या इमारतीला ऐकू गेलं.

दुपारी बॉयलरवाल्यांनी वहिनींना फोन केला.

"वहिनी, मी मोठा अपराध केलाय. तुमच्याकडे आता काही उरलं नसेल ना?"

"सगळं डब्यात घातलं होतं."

"म्हणजे संपलं. काल मी ते उकळलं आणि आज सांडलं. तिनं शेवटचं सांगितलेलं एवढंसं काम. तेही जमलं नाही मला."

पलीकडून खोकला आला. तो खोकला लांबला, आणि बॉयलरवाल्यांच्या ध्यानात आलं की त्यात हसू मिसळलेलं आहे.

"हसताय काय?"

"भाऊजी, बसलात का? बसा आधी. त्याचं विरजण कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडचं होतं. पाकिटातलं."

"सकाळी तर तुम्ही म्हणालात, हिचंच."

"तिचंच होतं की. तीही तिथूनच आणायची."

बॉयलरवाले आता बसले.

"तुमच्या मुलीच्या दहावीच्या वर्षी," वहिनी म्हणाल्या, "ही वाटी घेऊन रडत वर आली. गरम दुधात विरजण घातलं होतं. आईचं दही मेलं म्हणाली. मी म्हटलं, अगं, पाकीट आण, लाव, कोणाला कळतंय? तिनं आणलं. त्याच संध्याकाळी तुमच्याकडे कारखान्यातले कोणी साहेब आले होते."

बॉयलरवाल्यांना साहेब आठवले. दोन वाट्या दही खाल्लं होतं त्यांनी.

"तुम्ही त्यांना म्हणालात, चव बघा, तसूभर फरक नाही. ही आत पदर तोंडात कोंबून उभी. दुसऱ्या दिवशी मला सांगायला आली, तर दोघी इतक्या हसलो की माझं शिवण उसवायला लागलं."

"एकदाच झालं ना असं?"

"मला माहीत आहे ते चार वेळा. एकदा फ्रिज बंद पडला. एकदा मुंग्या. एकदा सगळं तुम्हीच खाल्लंत."

"मग मला सांगायचं नाही?"

"म्हणायची, कसं सांगू ग? दह्याचं बोलताना माणूस इतका खूश असतो."

बॉयलरवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं, ते जाऊ द्या. पण मग हॉस्पिटलात? जाताना मला ते कशाला सांगितलं तिनं? तेव्हाही नाटकच?"

वहिनींनी विचारलं, "घरात दूध किती होतं?"

"दोन लिटर."

"मग नासलं असतं ना, भाऊजी."

संध्याकाळी बॉयलरवाले मास्क लावून कोपऱ्यावर गेले. जिन्यात शिट्टी नव्हती. त्यांनी दह्याची दोन पाकिटं घेतली. एक वहिनींच्या दाराबाहेर पिशवीत अडकवलं आणि लांब उभं राहून हाक मारली. दुसरं घरी आणून बाहेरून साबणानं धुतलं, पुसलं, हात वीस सेकंद धुतले. दूध उकळून बेचाळीस अंशांवर येईपर्यंत थर्मामीटर धरून उभे राहिले, मग एक चमचा घातला आणि ढवळला.

बुधवारी सकाळी पातेलं कलतं केलं तर काही हललं नाही. सुरीनं कापावं असं लागलं होतं. त्यांनी चव बघितली. पुन्हा बघितली. डोळे मिटून तिसऱ्यांदा बघितली. तसूभर फरक नव्हता.

त्यांना राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच इतका चांगला राग आला. साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर, कारखान्याच्या डॉक्टरांसमोर त्यांनी काय काय सांगितलं होतं ते सगळं आठवून ते स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आले, आणि मग उभ्या उभ्या अख्खी वाटी खाल्ली.

पुढच्या दुधासाठी चमचाभर विरजण त्यांनी बाजूला काढून ठेवलं आहे. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. बायकोशी भांडायचं राहिलं आहे.